बुडाला शिक्का नाही, म्हणून साठ हजार?

प्रश्न : जुन्या बाजारात एक निळी-पांढरी चिनी मातीची फुलदाणी आवडली. बुडाला शिक्का नाही. विक्रेता म्हणतो, सदाशिव पेठेतल्या वाड्यातून निघाली आहे आणि शिक्का नाही म्हणजे चीनच्या मिंग राजवटीच्या काळातली. पाच वर्षांत दुप्पट होईल. ८५ हजारांवरून ६० वर आलाय, घरातल्या दोन जुन्या बरण्या दिल्या तर ५५. माझी दोन लाखांची एफडी आहे. मोडू का? फोटो जोडले आहेत. (एक शिक्षिका, सिंहगड रस्ता)

ताई, फोटो पाठवलेत ते फार बरं केलंत. तिसरा फोटो मोठा करून बघा. मानेच्या मागे वेलीचं एक पान अर्ध्यातच तुटलंय आणि उरलेलं अर्धं जरा खाली सरकून सुरू होतंय. हाताने रंगवणारा कारागीर पान असं कापत नाही. हा छापाच्या कागदाचा जोड आहे. तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून नक्षी पातळ कागदावर घ्यायची आणि तो कागद भांड्यावर दाबायचा, ही रीत अठराव्या शतकाच्या मध्यात इंग्लंडमध्ये रुळली. मिंग राजवट संपली १६४४ मध्ये. म्हणजे मिंगचा विषय मिटला.

फुलदाणी इंग्लंडातल्या स्टॅफर्डशर या भांड्यांसाठी नावाजलेल्या भागातली, शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची असू शकेल किंवा मागच्या दिवाळीतलीही. शिक्का नसण्यावरून काहीच ठरत नाही. अमेरिकेने १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, त्यावरून ‘नाव नाही तर त्याआधीची’ असा हिशेब लोक मांडतात. पण तो कायदा अमेरिकेत उतरणाऱ्या मालाला होता, मुंबई बंदराला नव्हे. शिवाय कितीतरी भांड्यांवर नुसती कागदी चिठ्ठी असायची, ती पहिल्याच धुण्यात जाते.

बुडाचा काळपटपणाही पुरावा धरू नका. मी एकदा अशीच एक ‘जुनी’ बशी घेतली होती. घरी भांड्याच्या साबणाने घासली, तर शंभर वर्षं पाच मिनिटांत मोरीत वाहून गेली. चहाचं पाणी लावलं होतं!

आता माझ्या प्रांतातलं, म्हणजे पैशांचं. ६० हजार ७ टक्क्यांनी पाच वर्षांत साधारण ८४ हजार होतात, तेही झोपा काढून. फुलदाणीतून तेवढेच हातात यायचे तर? जुन्या वस्तूंचा व्यापारी तुमच्याकडून घेताना दुकानातल्या किमतीच्या निम्मे देतो असं धरा. म्हणजे तोवर दुकानात तिला १ लाख ६८ हजारांचा भाव यायला हवा. छापाची भांडी ढिगाने निघाली. तेवढं देणारं गिऱ्हाईक मला तरी दिसत नाही. मध्येच तडा गेला तर उरलेलाही भाव गेला. एफडी मुदतीआधी मोडल्यावर बँक व्याजात अर्धा-एक टक्का कापते, ते वेगळंच.

परदेशातल्या लिलावांचे आकडे कुणी दाखवले तर हसून सोडून द्या. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांवरची अशी वस्तू देशाबाहेर विकायला नेता येत नाही आणि तिचा धंदा करायला परवाना लागतो. विक्रेत्याला सरळ विचारा, ‘परवाना दाखवा आणि वय लिहून पक्कं बिल द्या.’ फुलदाणी तिथल्या तिथे शंभरीच्या आत येईल.

इतकं सांगूनही ती डोळ्यासमोरून हलत नसेल तर (हलणार नाही, मला अनुभव आहे) रविवारी मोबाईलचा टॉर्च आत धरून बघा. उजेड आरपार दिसला तर माती उंची, नाही दिसला तर साधी. नखाने टिचकी मारा. आवाज खणखणीत हवा, बद्द आला तर कुठेतरी चीर असू शकते किंवा माती साधी. आणि सुट्टीत एकदा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांनी जमवलेली चिनी-जपानी भांडी बघून या. तिकिटाच्या पैशांत डोळा तयार होतो.

एफडीला हात लावू नका, ते अडीनडीचे पैसे आहेत. शोभेची वस्तू म्हणून दीड-दोन हजारांत देत असेल तर पगारातून घ्या आणि निशिगंध ठेवा तिच्यात. बरण्या मात्र देऊ नका. त्यांच्यासाठी तो पाच हजार सोडायला तयार झाला, म्हणजे या सौद्यात त्याला खरोखर हवं होतं ते तेवढंच.