फोटो राहू दे, वही दाखव

प्रिय मित्रा,

सूक्ष्मदर्शकातून काढलेले तुझे अकरा फोटो पाहिले आणि खालचा प्रश्नही वाचला: १०० पटीचं ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळचं भिंग) घेऊ की नवा कॅमेरा? दोन्ही नको. ०.२ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास साध्या उजेडाची धाव संपते, त्याहून बारीक तपशील वेगळे दिसत नाहीत, हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आबेने १८७३ मध्येच दाखवलं. तू तर त्या हद्दीच्या जवळपासही नाहीस. डायफ्रॅम, म्हणजे उजेड कमी-जास्त करणारी झडप, पार मिटून ठेवलायस, म्हणून कडांना त्या जाड काळ्या रेषा. पाण्याचा थेंबही एवढा मोठा की वरची पातळ काच, कव्हर स्लिप, तरंगतेय. एका संध्याकाळचं काम आहे, करून टाक.

माझं दुखणं वेगळं आहे. सातव्या फोटोत व्हॉर्टिसेला आहे, पाण्यातला एकपेशीय जीव, देठावरची घंटा. केवढी? पाणी कुठलं? कधीचं? म्हणे, ‘बहुधा गेल्या आठवड्यातलं’. असल्या ‘बहुधा’ने माझी अख्खी हार्ड डिस्क भरली आहे. त्यात एक रोटिफर (पाण्यातला सूक्ष्म प्राणी) आहे, पायाला काहीतरी चिकटलेला. तसं मला पुन्हा कधी दिसलं नाही, आणि ते पाणी कुठून आणलं होतं तेही आता आठवत नाही. फोटो देखणा आहे. उपयोग शून्य.

म्हणून नोंद. तारीख, पाण्याची जागा, बरणीतला कितवा दिवस, ऑब्जेक्टिव्ह, माप. स्टेज मायक्रोमीटर, म्हणजे काचेवर कोरलेली मोजपट्टी, आण: एका मिलिमीटरचे १०० भाग, एक भाग १० मायक्रॉनचा. प्रत्येक ऑब्जेक्टिव्हखाली त्याचा एक फोटो काढून ठेव. कॅमेरा बदलेपर्यंत तेच माप चालेल. मॅक्रोत, म्हणजे अगदी जवळून काढलेल्या फोटोंतही, तेच. किडा टिपलास की फोकसची रिंग न हलवता मोजपट्टीचा एक फोटो घे. सतराव्या शतकात सूक्ष्मजीव पाहणाऱ्या लेवेनहुककडे यातलं काही नव्हतं, तर तो वाळूच्या कणाशी तुलना करून लिहायचा. पण लिहायचा!

नोंद म्हटलं की तुम्हा लोकांना कंटाळा येतो. मला तर कारकून म्हणतात. म्हणोत. माझ्या बरणीत एकदा व्हॉर्टिसेलांचे नुसते देठ उरले होते. मेल्या सगळ्या, म्हणून पाणी ओतायला निघालो होतो. वही उघडली तर आदल्या रात्रीची ओळ: ‘घंटेच्या खालच्या टोकाला केसांचं नवं कडं.’ मेल्या नव्हत्या. पाणी मानवेनासं झालं की त्या देठ सोडून पोहत निघून जातात, दुसरीकडे बसतात आणि नवा देठ काढतात. ती ओळ लिहिली नसती तर मीही तुझ्यासारखंच ‘माझं काय चुकलं?’ विचारत बसलो असतो.

हो, तुझ्या नवव्या फोटोतले ते रिकामे देठ. बरणी अजून फेकली नसशील तर आज रात्री काचेच्या दुसऱ्या कडेचा थेंब घे. आधी घड्याळ बघून वेळ लिही.