पौर्णिमेच्या रात्री मित्रासोबत डोंगरातून सायकल चालवायची आहे. दिवा न लावता नुसत्या चांदण्यात जमेल का?

जमेल, आणि जरूर जा. फक्त निघण्याआधी दोघांनी एक गोष्ट पक्की ठरवून घ्या: चढ चांदण्यात, उतार दिव्यात. मी आणि माझा एक मित्र बरीच वर्षं असे रात्रीचे घाट चढतोय, आणि इतर कशावरूनही आमचा वाद होतो, यावरून कधीच नाही.

निरभ्र आकाशात डोक्यावर आलेला पूर्ण चंद्र जमिनीवर फार तर पाव लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड पाडतो. सूर्य त्याच्या सुमारे चार लाख पट तेजस्वी असतो. तरीही या एवढ्याशा उजेडात रस्त्याची कड, मधला पांढरा पट्टा, कठडा, समोरच्या डोंगराची धार हे सगळं नीट दिसतं. ही किमया चंद्राइतकीच आपल्या डोळ्यांची आहे, पण डोळ्यांना वेळ द्यावा लागतो. अंधाराला पुरतं सरावायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो आणि मोबाइलच्या पडद्याकडे एकदा बघितलं की ती कमाई काही सेकंदांत जाते. म्हणून नकाशा घरीच पाठ करा. वाटेत बघायची वेळ आलीच तर पडद्याचा उजेड अगदी कमी ठेवा, किंवा मंद लाल दिव्यात कागदावरचा नकाशा बघा. लाल उजेडाने डोळ्यांचा सराव फारसा मोडत नाही.

मंद उजेडात डोळ्यांतल्या दंडपेशी काम करतात. त्यांना रंग ओळखता येत नाहीत, त्यामुळे मित्राचं लाल जाकीट जवळजवळ काळं दिसायला लागतं. शिवाय नजरेच्या अगदी मधोमध या पेशी नसतातच. रस्त्यावर काहीतरी गडद दिसलं आणि तुम्ही त्यावर थेट नजर रोखलीत, की ते हरवतं. नजर जरा बाजूला ठेवा, ते पुन्हा दिसेल. हे वाचून पटत नाही, पण पहिल्या काही किलोमीटरमध्ये अंगवळणी पडतं.

आता चढाबद्दल, कारण खरी मजा तिथेच आहे. चढावर वेग ताशी सात-आठ किलोमीटर असतो, पुढचे चार-पाच मीटर दिसले तरी पुरतात. दिवा बंद केल्यावर पहिली दोन मिनिटं भीती वाटते आणि मग हळूहळू डोंगर मोठा होत जातो. दिवा चालू असताना तुमचं जग त्या उजेडाच्या गोळ्याएवढंच असतं. तो विझला की दरी दिसते, दरीच्या पलीकडचा उतार दिसतो, त्यावरची झाडं वेगवेगळी दिसतात. वळणावळणाच्या रस्त्यावर तर चंद्र सारखा जागा बदलतो. एका टप्प्यात आमच्या दोघांच्या सावल्या पुढे धावत असतात, पायांची वरखाली होणारी हालचाल डांबरावर स्पष्ट उमटलेली. वळण घेतलं की त्याच सावल्या मागे पडतात आणि चंद्र समोर येतो. चंद्र पाठीशी असताना रस्ता उजळ पण सपाट भासतो, खड्ड्याची सावली पलीकडे लपते. तो समोर असला की बारीक खडीसुद्धा सावल्यांमुळे उठून दिसते आणि ओला भाग चकाकतो. म्हणून चंद्र पाठीशी असलेल्या टप्प्यात उलट जास्त जपून चालवा.

कानही तीक्ष्ण होतात. चेनची कुरकुर, मित्राचा श्वास, खाली कुठेतरी वाहणारं पाणी. गाडी दिसायच्या कितीतरी आधी ऐकू येते आणि तिच्या दिव्यांचा झोत वरच्या वळणावर आधी फिरतो. तेवढ्यात आम्ही पुढचा दिवा लावतो, कडेला थांबतो आणि एक डोळा मिटून घेतो. प्रत्येक डोळा अंधाराला स्वतंत्रपणे सरावतो. गाडी गेल्यावर मिटलेल्या डोळ्याने लगेच दिसायला लागतं.

मागचा लाल दिवा मात्र चढावरही कधीच बंद करायचा नाही. तुम्हाला दिसतंय म्हणजे गाडीवाल्याला तुम्ही दिसता असं नाही. अनेक देशांत रात्री सायकलला पुढे आणि मागे दिवा असणं कायद्याने सक्तीचं आहे, त्यामुळे पुढचा दिवा बंद ठेवायची हौस रहदारी नसलेल्या, मुख्य रस्त्यापासून लांबच्या वाटेवर किंवा वाहनांना बंद असलेल्या रस्त्यावरच भागवा. वर्दळीच्या घाटात हा विषयच काढू नका.

उताराचं गणित सांगतो. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला आठ मीटरहून जास्त. खड्डा दिसून हात ब्रेकवर आवळेपर्यंत दीड सेकंद धरला, तर बारा-साडेबारा मीटर नुसते विचारात जातात. पुढे सायकल थांबायला कोरड्या सपाट रस्त्यावरही आठ-नऊ मीटर लागतात, उतारावर आणखी. म्हणजे वीस मीटरच्या पुढचं स्पष्ट दिसायला हवं आणि चांदण्यात वीस मीटरवरचा खड्डा आणि झाडाची सावली यांत फरक कळत नाही. जनावरांचं आणखी एक आहे. अनेक प्राण्यांचे डोळे रात्री चमकतात ते तुमचा दिवा त्यांच्या डोळ्यांतून परत फिरतो म्हणून. चांदण्यात ते चमकत नाहीत, रस्त्यात उभं असलेलं जनावर अगदी जवळ जाईपर्यंत दगडच वाटतं.

तेव्हा माथ्यावर थांबलात की दिवे लावा आणि अंगावर कोरडं काहीतरी चढवा, तेही अंग गरम आहे तोवर. घामाने भिजलेल्या कपड्यांत उतरताना वारा हाडांपर्यंत जातो आणि बोटं बधिर झाली की ब्रेक दाबता येत नाही. हातमोजे विसरू नका. खाली गेल्यावर ऊब मिळेल असं धरून चालू नका. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून घरंगळत दरीत साचते, त्यामुळे मधल्या उतारापेक्षा दरीचा तळ जास्त गार असतो. ओढ्यावरच्या पुलाजवळ एकदम गारठ्याची लाट अंगावर येते आणि पुढच्याच वळणावर, दिवसभर तापलेल्या कातळाशेजारून जाताना गालाला ऊब लागते. सायकलवर हे जितकं जाणवतं तितकं दुसऱ्या कुठल्याही वाहनात जाणवत नाही.

ब्रेक सतत दाबून धरू नका. वळणाआधी वेग नीट कमी करा, मग सोडा. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडेवर घासून थांबवणारा ब्रेक, असेल तर लांब उतारावर रिम तापून ट्यूब फुटू शकते.

मित्राबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण सगळ्यात जास्त विचार त्याचाच करा. जोरात चालवणारा नको, थांबायला तयार असणारा हवा. चढावर वेग हळू चालणाऱ्याचा. उतारावरही हळू उतरणारा पुढे, म्हणजे तो पडला तर मागच्याला कळतं. अंतर चार-पाच सेकंदांचं ठेवा. त्याहून जवळ गेलात तर तुमच्या दिव्यामुळे त्याचीच सावली त्याच्या वाटेवर पडते आणि त्याला समोरचं दिसत नाही. पुढच्याचा मागचा दिवा लुकलुकता नको, स्थिर ठेवा. डोळ्यांसमोर सतत उघडझाप होणारा लाल दिवा थोड्याच वेळात असह्य होतो. पंक्चरचं सामान, जास्तीची ट्यूब आणि पंप दोघांकडे वेगवेगळे असू द्या, आणि परतीची वेळ घरी कोणाला तरी सांगून निघा.

रात्र निवडताना अर्ध्या चंद्रावर विसंबू नका. अर्धा चंद्र पूर्ण चंद्राच्या निम्मा उजेड देत नाही, जेमतेम दहावा हिस्सा देतो, कारण त्याच्यावर ऊन तिरपं पडतं आणि त्याच्याच खडबडीत पृष्ठभागावर सावल्या पसरतात. पौर्णिमा किंवा तिच्या मागचापुढचा एखादा दिवस घ्या. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. संध्याकाळी निघणार असाल तर आदला दिवस बरा, कारण अंधार पडेपर्यंत चंद्र वर आलेला असतो. पहाटे निघणार असाल तर नंतरचा दिवस. डोंगरात पंचांगातली चंद्रोदयाची वेळ कामाची नाही. पूर्वेला २० अंश उंच कडा असेल तर चंद्र त्याच्या वर यायला आणखी किमान सव्वा तास जातो, कारण तो तासाला जास्तीत जास्त १५ अंशच चढतो. मध्यरात्रीच्या आगेमागे तो सर्वांत उंच असतो. चढाचा कठीण भाग त्या सुमारास येईल असं निघा, आणि ढग दाटून आले तर पुढच्या पौर्णिमेला जा.