पोराला पाणबुडीत जायचंय. बारावीला गणित सोडू देऊ नका

नमस्कार भाऊ,

चोपड्याहून पाठवलेलं पत्र मिळालं. मुलगा अकरावी सायन्सला, एकाहत्तरच्या लढाईचे व्हिडिओ बघून पाणबुडीतच जायचं म्हणतो, त्यासाठी मळ्यातल्या विहिरीत श्वास रोखून बसतो. आईने धसका घेतलाय. तुमचा विचार असा, की बारावीला गणित सोडायला लावून त्याला बीएस्सी ॲग्रीला घालावं. आणि खाली लिहिलंत, ‘पोऱ्या आयकत नही.’

ते विहिरीतलं आजच बंद करा. श्वास रोखता रोखता पाण्यात शुद्ध हरपते, हाक मारायलाही सवड मिळत नाही. शिवाय पाणबुडीत त्याचा काही उपयोग नाही. तिथली माणसं कोरड्यातच राहतात, फक्त जागा फार थोडी असते.

धोका किती, हे विचारलंत. तो लपवून कशाला सांगू? दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या सुमारे ४०,००० जणांपैकी तीन चतुर्थांशांच्या आसपास परत आले नाहीत. पाणबुडी बुडाली की बहुतेक वेळा सगळ्यांना घेऊनच जाते. १९७१ च्या डिसेंबरात पाकिस्तानची ‘गाझी’ विशाखापट्टणमजवळ बुडाली, आतल्या नव्वदहून जास्त जणांपैकी एकही वाचला नाही. ती कशाने बुडाली, यावर दोन्ही देशांचं अजून एकमत नाही. मुलाने हे पाहिलं असेलच. पण त्याला पुढचंही पाहायला सांगा. ९ डिसेंबरला दीवजवळ पाकिस्तानच्याच ‘हंगोर’ पाणबुडीने आपली ‘खुकरी’ युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. तिचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. पाणबुडी काय करते, हे त्या खुकरीच्या बाजूने बघितल्याशिवाय कळत नाही.

शांततेतही हे काम सोपं नाही. २०१३ मध्ये आपली ‘सिंधुरक्षक’ पाणबुडी मुंबईच्या गोदीत उभी असताना स्फोट झाला आणि १८ जण गेले. डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर चालते. बॅटरी चार्ज करायला तिला वर येऊन हवेची नळी बाहेर काढावी लागते, आणि नेमकं तेव्हाच शत्रूला ती सापडू शकते. चार्जिंगमध्ये हायड्रोजन हा स्फोटक वायू निघतो, म्हणून हवा सतत मोजायची. बॅटरीत समुद्राचं पाणी शिरलं तर क्लोरीन हा विषारी वायू होतो. एका कप्प्यात पाणी किंवा आग शिरली, तर बाकीची बोट वाचवायला तो कप्पा बंद करावा लागतो. आत कोण आहे ते आतल्यांनाही माहीत असतं आणि बाहेरच्यांनाही.

म्हणून माझ्या मते पाणबुडीतलं शौर्य टॉर्पेडो सोडण्यात थोडंच असतं. रात्री तीन वाजता, कोणी बघत नसताना, तोच व्हॉल्व्ह तितक्याच काळजीने तपासणं, हे जास्त. एकाहत्तरला ‘करंज’ पाणबुडी घेऊन गस्तीला गेलेले विजयसिंह शेखावत यांना वीरचक्र मिळालं, पुढे ते नौदलप्रमुख झाले. व्हिडिओत असल्या गस्तीचे कंटाळवाणे दिवस दाखवत नाहीत. तुमचा मुलगा ठिबकचे फिल्टर सांगितल्याशिवाय साफ करतो का? मला त्याच्या बारावीच्या टक्क्यांपेक्षा हे जाणून घ्यायचंय.

आता घरच्या भांडणाचं. भाऊ, बारावीनंतर कोणी थेट पाणबुडीत जात नाही. आधी नौदलात जावं लागतं. तिथे काही काळ काढल्यावर ज्याला हवं त्याने पाणबुडीसाठी नाव द्यायचं, वैद्यकीय आणि मानसिक चाचणी पार करायची, मग विशाखापट्टणमच्या ‘आयएनएस सातवाहन’मध्ये शिकायचं. पुढे बोटीवरची एकेक यंत्रणा शिकून तोंडी परीक्षा दिल्यावरच छातीवर डॉल्फिनचा बिल्ला लागतो. म्हणजे तुम्ही आज ज्यावर भांडताय, तो निर्णय त्याला काही वर्षांनी घ्यायचाय, आणि तोवर त्याला समुद्र कळलेला असेल.

आजचा निर्णय फक्त गणिताचा आहे. नौदलासाठी एनडीएला, म्हणजे पुण्याजवळच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीला, बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित लागतंच. जेईई मेनवरून होणाऱ्या बी.टेक. कॅडेट एंट्रीलाही लागतं. गणित सुटलं तर दोन्ही दारं बंद. ठेवलं आणि मन बदललं, तर ॲग्रीचं दार उघडंच राहतं, तिथे गणित आडवं येत नाही. अग्निवीरचा, म्हणजे चार वर्षांच्या सैनिक भरतीचा, रस्ताही आहे, पण चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्केच कायम होतात. अधिकारी होण्याची शक्यता दिसत असताना तो पहिला धरू नका.

येत्या आठवड्यात जळगावला नेऊन त्याचे डोळे तपासा, रंगांधळेपणाची चाचणी मुद्दाम करायला सांगा. पुष्कळ मुलं दोन वर्षं क्लास लावतात आणि शेवटी तिथेच अडतात. वहिनींना मात्र ‘काही होत नाही’ असं म्हणू नका, आणि गस्तीवर असताना आठवडेच्या आठवडे फोन येत नाही, हेही आधीच सांगा. डोळ्यांचा रिपोर्ट कळवलात की एसएसबीच्या, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखतीच्या, तयारीचं लिहितो.