मॉलमधल्या गटात नव्याने येणाऱ्यास

मॉल गावच्या चौकासारखा वाटला, तरी ती खासगी मालमत्ता असते, हे आधी ध्यानात घे; त्यामुळे सुरक्षारक्षकाने उठायला सांगितल्यास वाद न घालता जागा बदलावी, कारण एकाच्या हुज्जतीपायी सगळ्या गटाचे येणे बंद होऊ शकते. (१९५६ मध्ये अमेरिकेत उघडलेल्या साउथडेल या पहिल्या पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉलचे वास्तुविशारद व्हिक्टर ग्रुएन यांना मात्र लोकांनी भेटावे, रेंगाळावे अशीच जागा हवी होती.) ऐन गर्दीत एका पेयावर चार खुर्च्या अडवू नकोस. खर्चात बरोबरी करण्याच्या फंदात तर मुळीच पडू नकोस. रिकाम्या खिशाने येणारे आमच्यातही पुष्कळ आहेत, आणि सरकत्या जिन्याजवळच्या बाकावर गप्पांना पैसे पडत नाहीत. परतण्याची वेळ तेवढी घरी सांगून ये.