खाणीच्या ढिगावर झाडं लावण्याआधी

ढिगाऱ्यावर थेट रोपं नेऊ नकोस. आधी मातीचा सामू (पीएच, म्हणजे ती किती आंबट आहे) तपास. कोळसा खाणीच्या मातीत गंधकयुक्त खनिज असेल तर ती आंबट होत जाते. तिथे आधी चुना, मग बाकी सगळं.

जीवामृताची (मातीतले जिवाणू वाढवणाऱ्या घरगुती द्रावणाची) घाई सगळ्यांनाच असते. २०० लिटर पाणी, १० किलो शेण, २ किलो गूळ, २ किलो बेसन, सगळं बरोबर; पण ढिगात सेंद्रिय कर्बच (कुजलेला पालापाचोळा, शेणखत यातला) नसेल तर ते जिवाणू खातील काय? मीही पहिल्या वर्षी पिंपच्या पिंप ओतली. नुसता गूळ वाया!

नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीवर साखर कारखान्याचा प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ), रायझोबियम (मुळांच्या गाठींत नत्र धरणारे जिवाणू) आणि मुळांवरची बुरशी एकत्र वापरली. तीच वाट धर. दोन फूट खड्डा, त्यात कुजलेला प्रेसमड (ताजा नको, तो तापतो आणि मुळं भाजतो), वर जुन्या करंजाखालची ओंजळभर माती, म्हणजे तिच्यातले जिवाणू आणि बुरशी रोपाला मिळतील. पावसाच्या तोंडावर मधल्या जागेत ताग पेर, फुलावर आला की हिरवळीचं खत म्हणून तिथेच आडवा कर.

शिसू, करंज, शिरीष आधी. भाजीपाला मात्र नको, जड धातूंची तपासणी होईपर्यंत तर नाहीच.