प्रीमियर पद्मिनीला नवं स्टिअरिंग लावताय?
भाऊ, तुम्ही निवडलेलं ३५० मिलिमीटरचं स्पोर्ट्स व्हील देखणं आहे, पण पद्मिनीला पॉवर स्टिअरिंग नाही. व्हील जितकं लहान तितका जोर जास्त. अरुंद जागेत गाडी लावताना खांदे भरून येतील. मी तरी ३८० च्या खाली जाणार नाही. व्हीलच्या आधी बॉस किट, म्हणजे व्हील स्टिअरिंगच्या शाफ्टला जोडणारा भाग, शोधा. त्याच्या आणि शाफ्टवरच्या खाचा तंतोतंत जुळायलाच हव्यात. 'ठोकून बसवतो' म्हणणाऱ्या मेकॅनिककडून गाडी सरळ परत आणा. मोमो कंपनीच्या व्हीलवर सहा बोल्टांचं वर्तुळ ७० मिलिमीटरचं, नार्दी कंपनीच्या व्हीलवर ७४ चं, त्यामुळे एकाचं किट दुसऱ्याला बसत नाही. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली असेल तर बोटं अडकतात का बघा. आणि हॉर्नची वायर! ती जोडायची हमखास राहते. पॉलिश केलेलं लाकूड घामाने निसटतं, लेदरच घ्या.