आर्सेनल : शस्त्रागार की कारखाना?

प्रश्न असा आला आहे : 'आर्सेनल' या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या नावाचा अर्थ 'शस्त्रागार' आणि त्याच्या 'गनर्स' या टोपणनावाचा अर्थ 'बंदूकधारी' असा एका लेखात वाचला, तो बरोबर आहे का?

पहिला चालेल, दुसरा साफ चुकला.

शस्त्रागार हा अर्थ कोशात आहेच. पण 'आगार' म्हटलं की कुलूपबंद कोठार डोळ्यांपुढे येतं, आणि या क्लबचा जन्म काही कोठारात झालेला नाही. लंडनच्या आग्नेयेला, थेम्सकाठी वुलिच इथे सरकारी तोफा आणि दारूगोळा बनवणाऱ्या कारखान्यांचा अवाढव्य पसारा होता. १८०५ मध्ये तिसऱ्या जॉर्जने त्याचं नामकरण 'रॉयल आर्सेनल' असं केलं. त्यातल्या एका विभागाच्या प्रवेशद्वारावर सूर्यघड्याळ होतं, म्हणून तो 'डायल स्क्वेअर'. तिथल्या कामगारांनी १८८६ मध्ये वर्गणी काढून संघ उभा केला. डेव्हिड डॅन्स्किन हा स्कॉटिश कामगार त्यात पुढे होता. संघाचं पहिलं नावही डायल स्क्वेअरच; थोड्याच दिवसांत ते रॉयल आर्सेनल झालं. १८९१ मध्ये खेळाडूंना पगार सुरू झाला, म्हणजे क्लब व्यावसायिक बनला. १८९३ मध्ये वुलिच आर्सेनल या नावाने तो फुटबॉल लीगमध्ये आला. १९१३ मध्ये क्लबने नदी ओलांडून उत्तर लंडनमधलं हायबरी गाठलं आणि वर्षभरात 'वुलिच' गळालं. गाव सुटलं तरी कारखान्याचं नाव मात्र राहिलं, इतकं की १९३२ मध्ये तिथल्या गिलेस्पी रोड या भुयारी स्थानकाचंच नाव बदलून 'आर्सेनल' केलं गेलं!

आता मूळ शब्द. अरबीत 'दार अस्-सिनाआ' : दार म्हणजे घर, सिनाआ म्हणजे कारागिरी, उत्पादन. भूमध्य समुद्रावरच्या व्यापाऱ्यांच्या तोंडी तो इटलीत पोचला. व्हेनिसच्या प्रचंड जहाजबांधणी गोदीला 'आर्झाना' म्हणत. इटालियन कवी दान्तेच्या 'इन्फर्नो' या नरकवर्णनाच्या काव्यात ती उकळत्या डांबरासकट आली आहे. तिथून हा शब्द युरोपभर पसरला आणि पुढे गोदीचा अर्थ मागे पडून शस्त्रांचा पुढे आला. गंमत म्हणजे फारसीतून आपल्याकडे आलेल्या 'कारखाना'ची घडण अगदी हीच आहे : कार म्हणजे काम, खाना म्हणजे घर. नुसतं कोठारच म्हणायचं असेल, तर जुन्या दरबारी मराठीत 'शिलेखाना' होताच. म्हणून व्युत्पत्ती आणि क्लबचा इतिहास, दोन्ही बाजूंनी मी 'कारखाना'च्या पारड्यात वजन टाकेन.

राहिले 'गनर्स'. इथली गन म्हणजे तोफ. क्लबच्या १८८८च्या पहिल्या चिन्हात तीन तोफा उभ्या होत्या. त्या चिमण्यांसारख्या, म्हणजे कारखान्याच्या धुराड्यांसारख्या दिसतात आणि बरेच जण तसंच समजतात. तोफ डागणारा तो गनर. त्याला मराठीत अचूक शब्द आहे 'गोलंदाज', गोळा फेकणारा. पेशवाईतल्या कागदांत गोलंदाज भेटतात ते तोफखान्यातलेच. पण हा शब्द क्रिकेटने असा काही पळवला आहे की 'आर्सेनलचे गोलंदाज' लिहिलंत तर वाचक बळींची संख्या विचारेल. तेव्हा 'तोफची' वापरा. आणि क्लबचं नाव मात्र आहे तसंच ठेवा, विशेषनामाचं भाषांतर करायचं नसतं.